सरांच्या हातातलं घड्याळ

"मला त्या माणसाचं नाव हवंय. आज पाच वाजता पाहुणे येतील, तेव्हा माईकवरून, सगळ्यांसमोर, कारणासकट ते जाहीर झालं पाहिजे. पुन्हा त्याला कुठं तोंड वर काढता येता कामा नये."

खुर्चीत बसायच्या आधीच सर हे बोलले. वय एकाहत्तर, पण पाठ अजून ताठ. पस्तीस वर्षं त्यांनी धावपटू घडवले होते आणि त्या पस्तीस वर्षांत त्यांना 'नाही' म्हणणारा माणूस बहुधा भेटलाच नसावा. त्यांच्यामागून आलेल्या कलाकेंद्राच्या संचालिका मात्र दाराशीच उभ्या राहिल्या. सकाळपासून त्यांनी इतक्या शिव्या ऐकल्या होत्या, की बसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

वकीलबाईंनी दोघांना बसवलं आणि वही उघडली. एकोणीस वर्षं वकिली करून त्यांनी ती सोडली होती. कोर्टात खरं काय ते दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि बोलत मात्र कुणीच नाही, याचा त्यांना वीट आला होता. आता त्या खासगी तपास करत. सोबतीला थोरला भाऊ, दातांचा निवृत्त डॉक्टर. डॉक्टरांकडे गाडी होती, वेळ होता आणि प्रत्येक गुन्ह्यावर एक तयार मत होतं. ते मत हमखास चुकायचं, पण त्यामुळे डॉक्टर कधी खचले नाहीत.

हकिगत अशी होती. केंद्रात खेळाडूंच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरत होतं. एकतीस चित्रं, सगळी एकाच चित्रकर्तीची. विक्रीतून येईल ते लहान मुलांच्या हॉस्पिटलला जाणार होतं. मधल्या भिंतीवर सरांचं मोठं तैलचित्र, हातात त्यांचं जुनं काट्याचं स्टॉपवॉच. काल संध्याकाळी त्यावर पडदा घातला गेला. आज सकाळी दहाला सरांसमोर तो उचलून पाहिला, तर घड्याळात कुणीतरी हात घातला होता. शून्यावरचा काटा पांढऱ्या रंगानं बुजवला होता आणि दुसरीकडेच नवा काटा काढला होता.

"बस, एवढंच?" डॉक्टरांची निराशा झाली. "फाडलं नाही? काळं फासलं नाही?"

"माझ्या घड्याळाला हात लावलाय," सर म्हणाले. "लोक माझ्यावर नाही, त्या घड्याळावर विश्वास ठेवायचे."

"नवा काटा किती दाखवतो?" वकीलबाईंनी विचारलं.

"चोवीस सेकंद. त्याला काही अर्थ नाही. नुसती टवाळी आहे."

सरांचा संशय चित्रकर्तीवर होता. पाचपर्यंत दुसरं नाव मिळालं नाही तर ते तिचंच नाव माईकवर घेणार होते आणि तिची एकतीसच्या एकतीस चित्रं भिंतीवरून उतरवायला लावणार होते. विकत घेणारे बहुतेक त्यांचेच विद्यार्थी होते, त्यामुळे ते हे करू शकत होते.

वकीलबाईंनी विचारलं, की पोलिसांकडे का गेला नाहीत. सर म्हणाले, ते निघालेच होते. "पण आमची ही म्हणाली, पोलीस नुसता कागद करतील. वकीलबाई मुळापर्यंत जातात."

"जाते. म्हणूनच आधी सांगते. मी नाव सांगेन ते पूर्ण कारणासकट सांगेन. अर्धं झाकून ठेवणार नाही. कबूल?"

"तेच तर मला हवंय," सर म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

ते बाहेर पडल्यावर संचालिका हळूच बोलल्या. पडदा उचलला तेव्हा सर आधी ओरडलेच नव्हते. बराच वेळ नुसते बघत राहिले, मग पुटपुटले, "कुणी सांगितलं?" आरडाओरडा त्यानंतर सुरू झाला.

"तुम्हाला बातमी कुणी दिली, असं विचारत असतील," डॉक्टर म्हणाले.

"पडदा मीच उचलला होता, डॉक्टर," संचालिका म्हणाल्या.

कलाकेंद्र म्हणजे पूर्वीचं गोदाम. तळमजल्यावर मोठा हॉल, बाजूला मातीकामाची खोली, वर नाचाचा वर्ग. वरच्या पावलांनी छत दणाणत होतं आणि भिंतीवरचे पहिलवान, गोलरक्षक, पोहणाऱ्या मुली त्या तालावर किंचित हलत होत्या. सरांचं चित्र पुरुषभर उंच होतं. खाली पाटीवर त्यांचंच वाक्य छापलं होतं: 'मी माणसांवर रागावलो, पण घड्याळाशी कधी खोटं बोललो नाही.'

वकीलबाईंनी नाक चित्राला लागेल इतक्या जवळून पाहिलं. तबकडी बशीएवढी होती. तिच्यावर आकडे नव्हते, कडेनं नुसत्या बारीक रेघा. जुन्या काट्यावर ऑफिसात वापरतात तो व्हाइटनर लावला होता आणि तो सुकून कडक झाला होता. नवा काटा काळ्या शाईचा, पट्टी धरून काढल्यासारखा सरळ. बाकी चित्राला ओरखडाही नव्हता.

चित्रकर्ती मातीकामाच्या खोलीत बसली होती. तिशीची असेल. नखांत रंग, डोळे सुजलेले. तिनं दोन वर्षं या चित्रांवर काढली होती. आज माईकवर तिचं नाव निघालं तर उद्या तिला कुणी कुंपणसुद्धा रंगवायला बोलावणार नाही, हे तिनं न रडता सांगितलं. सरांशी भांडण झालं होतं का? झालं होतं. त्यांनी हनुवटी तीनदा बदलायला लावली होती.

"राग होता हो. पण मी माझ्या चित्रावर व्हाइटनर फासेन? मला खोडीच काढायची असती तर तैलरंगात काढली असती, आणि कुणाला कळलीही नसती."

घड्याळाबद्दल ती म्हणाली, की सरांनी आठवडाभर ते तिच्याकडे ठेवलं होतं. तिनं फोटो काढून ठेवला आणि चित्रात आकडे मुद्दाम गाळले, कारण बारीक आकडे दिसले की बघणारा चेहरा सोडून तिथंच अडकतो. फोटो तिनं फोनवर दाखवला. वाटोळी तबकडी, एकच लांब काटा, सगळ्यात वर ठळक तीसचा आकडा. वकीलबाईंनी तो फोटो स्वतःकडे मागून घेतला. डॉक्टर म्हणाले, घड्याळ फारच जुनं दिसतंय.

फ्रेमवाला चौकटी पुसत होता. काल पाचला तो एक हूक घट्ट करायला परत आला होता आणि पाव तास हॉलमध्ये एकटाच होता. त्यानं ते आपणहून सांगितलं. सरांनी त्याची सोनेरी चौकट चारचौघांत नाकारली होती. 'ही चौकट आहे की पलंग?' असं म्हणाले होते.

"खोटं कशाला बोलू? सकाळी ऐकलं तेव्हा बरंच वाटलं मला," तो म्हणाला. "पण मी केलं असतं तर चौकटीसकट केलं असतं." नव्या काट्याबद्दल त्याचं मत ठाम होतं. काटा पाचाच्या जरासा अलीकडे आहे आणि उद्घाटन पाचला आहे, म्हणजे पाचला काहीतरी होणार. डॉक्टरांना हे एकदम पटलं. ते लगेच दारं-खिडक्या तपासून आले. त्यांची स्वतःचीच पाचावर धारण बसली होती.

सरांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. चित्रावरचा पडदा त्यांनीच शिवला होता. काल चारला सर, काकू आणि त्यांची मुलगी असे तिघं चित्र पाहायला आले होते. सर बाहेर वार्ताहराशी बोलत होते आणि मुलगी स्वतःचं चित्र बघायला जिन्याकडे गेली होती, तेव्हा काकू पडद्याच्या नाड्या बांधत दहा मिनिटं एकट्या होत्या. त्याही हे काही लपवत नव्हत्या. संशयितांत कुणालाच लपवायची हौस नाही, याबद्दल डॉक्टरांनी कुरकुर केली.

"सरांच्या नोंदी तुम्ही ठेवायच्या ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"तीस वर्षं मीच लिहिल्या. एकाही वहीत खाडाखोड सापडणार नाही तुम्हाला."

"ते आकडा सांगायचे आणि तुम्ही लिहायच्या?"

"सांगायचे, आणि काटाही दाखवायचे. लिहिणाऱ्यानं काटा डोळ्यांनी बघायचा, मगच घड्याळ शून्यावर आणायचं. त्यांचाच नियम होता. पोरांची फसवणूक नको म्हणून." काकूंनी सुईत दोरा ओवला. "नियम चांगला होता."

सरांची मुलगी चाळिशीची होती. कधीकाळी देशासाठी धावलेली, आता क्रीडा खात्यात अधिकारी. काट्याकडे बघून ती म्हणाली, की चोवीस ही दोनशे मीटरची वेळ असू शकेल, पण ती दोनशे कधी धावलीच नव्हती. वडिलांच्या घड्याळाबद्दल विचारल्यावर ती हसली. धावणाऱ्याला घड्याळ कुठं दिसतं? रेषा ओलांडून पुढं जायचं, मागून बाबा आकडा ओरडायचे, आई वहीत लिहायची. तोच निकाल.

"तुमच्याबरोबर तेव्हा कोण धावायचं?"

तिचं हसू मावळलं. "माझी मामेबहीण. मामाची मुलगी. सरावासाठी आमच्याच घरी राहायची. रोज माझ्यापुढं असायची ती. मोठ्या निवडीच्या दिवशी एकेकटीला शंभर मीटर धावायचं होतं. आधी मी धावले, वेळ बारा पॉइंट तीन आली. मग ती, तिची बारा पॉइंट सहा. मी गेले, माझं नाव झालं, नोकरी लागली. ती दुसऱ्या दिवशी बॅग उचलून निघून गेली. बावीस वर्षं झाली."

ती बहीण आता दूरच्या गावी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालत होती. मामा सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हा त्यांनी सख्ख्या बहिणीला, म्हणजे काकूंना, कळवायचीही मनाई केली होती. पोरगी तुझ्या भरवशावर ठेवली होती, एवढंच ते काकूंशी शेवटचं बोलले होते.

गाडीपाशी आल्यावर डॉक्टरांनी चुटकी वाजवली. "संपलं, तायडे. भाची. सूड."

"भाचीच्या धुलाईघराचा नंबर मिळवला आहे मी, दादा. आधी विचारू तरी."

फोनवर मुकादमानं सांगितलं, की काल ती सकाळपासून रात्री आठपर्यंत कामावरच होती आणि आजही आहे. मग ती स्वतः फोनवर आली. वकीलबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. निवडीच्या दिवशी तुमची वेळ किती होती?

"बारा पॉइंट सहा," ती म्हणाली. मागं यंत्रं घरघरत होती. "सरांनी सांगितली तेवढीच मला माहीत. का हो?"

वकीलबाईंनी फोन ठेवला. त्यांना संताप आला होता, आणि संताप आला की त्या अगदी शांत होत.

चार वाजता हॉलमध्ये सगळे जमले. सर चित्राखाली उभे राहिले, बाकीचे बाकांवर बसले. चित्रकर्ती दाराजवळ बसली होती, लगेच उठून जाता यावं अशी.

"सुरुवात व्हाइटनरपासून करते," वकीलबाई म्हणाल्या. "ही मुलगी रंगात जन्म काढते. तिला काटा हलवायचा असता तर तिनं ब्रश घेतला असता. व्हाइटनर घेणारा माणूस रंगातला नव्हे, लिहिण्यातला. चूक झाली की त्यावर पांढरं लावून वर पट्टीनं स्वच्छ लिहायची सवय असलेला."

"म्हणजे ऑफिसातलं कुणीही," सर म्हणाले.

"थांबा. आता काटा. तबकडी रिकामी होती, आकडा लिहायला जागाही होती. पण आकडा लिहिला नाही, काटा काढला. का? ज्यानं वेळ कानांनी ऐकली तो आकडा लिहील. काटा तोच काढेल, ज्यानं ती वेळ काट्यावर डोळ्यांनी पाहिली आहे. हा काटा काढणाऱ्याला काय ऐकू आलं ते आठवत नव्हतं. काय दिसलं ते आठवत होतं."

फ्रेमवाल्यानं मान हलवली. त्याला हे कळलं नव्हतं, पण बोलणं आवडलं होतं.

वकीलबाईंनी फोनमधला फोटो सगळ्यांकडून फिरवला. "साध्या घड्याळात सगळ्यात वर साठ येतात. या घड्याळात वर तीस आहेत. वेगाच्या शर्यतीसाठी अशी घड्याळं असायची. अर्ध्या मिनिटात काटा पूर्ण फेरी मारतो, म्हणजे बारीक फरकही नीट दिसतो. चित्रात आकडे नसल्यामुळे सगळ्यांनी ते साध्या घड्याळासारखं वाचलं. साठाच्या तबकडीवर जिथं चोवीस येतात, तिथंच तिसाच्या तबकडीवर बरोबर निम्मे येतात. बारा सेकंद."

मुलगी सावरून बसली.

"सगळे चोवीस म्हणाले, त्यात नवल नाही. पण सर, तुम्हीही मला चोवीसच सांगितलेत. पस्तीस वर्षं हातात धरलेलं घड्याळ तुम्हाला वाचता येत नाही, यावर मी विश्वास ठेवू? तुम्ही ते पहिल्या नजरेत बरोबर वाचलंत. म्हणून 'कुणी केलं' असं नाही विचारलंत. 'कुणी सांगितलं' असं विचारलंत. जी गोष्ट कुणी सांगू शकतं, ती गोष्ट घडलेली असते."

"तुम्हाला मी कशासाठी बोलावलंय?" सरांचा आवाज चढला. "चोर ही बसलीय दाराशी आणि तुम्ही मलाच..."

"बाबा," मुलगी म्हणाली, "ते बारा सेकंद कुणाचे?"

सरांनी मान दुसरीकडे वळवली. वरचा नाचाचा वर्ग नेमका तेव्हाच सुटला आणि छत दणाणायचं थांबलं.

वकीलबाईंनी बाकीचं थोडक्यात सांगितलं. निवडीच्या दिवशी आधी मुलगी धावली, बारा पॉइंट तीन. मग पत्नीची भाची धावली आणि काटा बारावर थांबला. सरांनी तोंडानं बारा पॉइंट सहा म्हटलं आणि घड्याळ शून्यावर आणलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सगळीकडेच चालतं. इथं त्यात एका मुलीचं आयुष्य गेलं. स्वतःची खरी वेळ त्या मुलीला आजही माहीत नाही. धावणाऱ्याला घड्याळ दिसत नाही. काटा बारावर पाहिलेली माणसं जगात दोनच. घड्याळ धरणारा, आणि नियमाप्रमाणे शेजारी उभं राहून काटा बघणारी.

"स्वतःला पकडून द्यायला सरांनी मला बोलावलं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि मला बोलवा असं त्यांना सुचवलं कुणी, ते त्यांनीच सांगितलंय."

काकूंनी मांडीवरचं शिवण बाजूला ठेवलं.

"मीच केलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी संध्याकाळीच मी यांना विचारलं होतं. म्हणाले, तुला नीट दिसलं नाही, चष्मा बदल. मी चष्मा बदलला. बारा पॉइंट सहा लिहिलं ते माझ्याच हातानं, आणि बावीस वर्षं गप्प बसले. माझा भाऊ मला दोष देत गेला. तेही गिळलं. पण तीन दिवसांपूर्वी ती पाटी छापून आली. घड्याळाशी कधी खोटं बोललो नाही म्हणे. तेव्हा ठरवलं, यांना सोडायचं नाही. मी बोलले असते तर घरातलं भांडण झालं असतं. म्हणून यांच्याच पैशानं परकं माणूस बोलावलं, यांच्याच तोंडून कारण वदवून घ्यायला."

"आणि या मुलीचं काय?" वकीलबाईंचा आवाज कडक झाला. "तुमच्या सुडापायी दिवसभर हिचं नाव टांगणीला लागलं. एका मुलीचं भरून काढायला दुसरी पणाला लावलीत."

काकूंनी चित्रकर्तीकडे पाहिलं. "यांनी तुझं नाव घेतलं असतं तर मी उठलेच असते, बाळा," त्या म्हणाल्या. "पण ते तुला माहीत नव्हतं. माझं चुकलं."

चित्रकर्तीनं मोठा श्वास सोडला. ती दाराजवळून उठून पुढच्या बाकावर येऊन बसली.

सर आता खाली बसले होते. पहिल्यांदाच त्यांची पाठ वाकलेली दिसली. "घरातली गोष्ट आहे ही," ते बायकोला म्हणाले. "घरात मिटवू. झाकली मूठ राहू दे."

"बावीस वर्षं झाकलीच होती."

"वकीलबाई, तुम्ही तरी..."

"नाव, कारणासकट, माईकवरून," वकीलबाई म्हणाल्या. "अट तुमची होती. मी फक्त पाळतेय."

डॉक्टर बहिणीच्या कानाशी लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं ते म्हणाले. दिवसभरात त्यांचं हे एकच मत बरोबर निघालं.

पाचला दारं उघडली. सरांचे जुने विद्यार्थी, त्यांची कुटुंबं, हॉस्पिटलचे डॉक्टर, सगळे आले आणि हॉल भरला. संचालिकांनी स्वागत केलं आणि माईक सरांपुढे केला. ते जागचे हलेनात. तेव्हा मुलगी त्यांच्याजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, की ते बोलणार नसतील तर ती बोलेल, आणि बोलायच्या आधी जिन्याजवळचं स्वतःचं चित्र उतरवून आणेल.

सर उठले. मुलीनं धुलाईघरात फोन लावला आणि माईकच्या दिशेनं धरला. पलीकडून यंत्रांची घरघर येत होती.

"या घड्याळात कुणी बदल केला, असं तुम्ही विचाराल," सर म्हणाले. "माझ्या पत्नीनं केला. कारण... बावीस वर्षांपूर्वी एका मुलीवर अन्याय झाला होता."

"कुणी केला?" पहिल्या रांगेतून काकूंनी विचारलं. त्या उभ्या राहिल्या होत्या.



"मी केला," सर म्हणाले. "तिची वेळ बारा सेकंद होती. मी जास्त सांगितली."

"कुठली मुलगी?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. तिथं दया मिळेल असं त्यांना वाटलं असावं. दया नव्हती. मग त्यांनी भाचीचं नाव घेतलं, तिच्या वडिलांच्या नावासकट, अगदी स्पष्ट, शर्यतीआधी पुकारतात तसं. फोनमधली घरघर हळूहळू थांबली. पलीकडे कुणीतरी एकेक करून यंत्रं बंद करत होतं.

मग काकू खाली बसल्या.